साकी-दिंडीपासून ख्यालापर्यंत

लोकसंगीताच्या मातीत वाढलेल्या एखाद्या गायकसंचाने पुढे सफाईदार, सर्वांना भुरळ घालणारा सूर धरला, की जुने श्रोते हळहळतात आणि नव्यांची दाटी होते. अमेरिकेतील ‘ईगल्स’ या वाद्यवृंदाचे तसेच झाले. १९७१ साली ग्रामीण ढंगाची गाणी घेऊन निघालेल्या या तरुणांनी १९७४ मध्ये विजेच्या गिटारीला पुढे आणले. बॅन्जो वाजविणारा मूळ सोबती बर्नी लेडन १९७५ च्या अखेरीस बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षीच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ने त्यांचे नाव जगभर गेले. आपल्या सांगलीच्या मातीत रुजलेल्या संगीत नाटकाने हीच वाट साठ वर्षे आधी चोखाळली होती.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा गाणे सूत्रधाराकडे असे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’त पदे पात्रांच्या मुखी घातली. चाली मात्र ओळखीच्याच ठेवल्या: साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तनातील पदे. घरी परतणारा प्रेक्षक पद गुणगुणतच जाई. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल याच परंपरेतले. जरठ-कुमारी विवाहावरील त्यांच्या ‘शारदे’त (१८९९) पद संवादातूनच उगवते आणि संवादातच मिसळते. त्या मुलीचे दुःख प्रेक्षकाला आधी कळते, राग मागाहून. माझ्या मते मराठी संगीत नाटक याहून उंच गेले नाही; गाणे गेले, ही गोष्ट वेगळी.

बदल घडविणाराही सांगलीचाच. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ या गद्य नाटकावर १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर मंडळीने रंगमंचावर आणले. गोविंदराव टेंबे यांनी त्यासाठी ठुमरी-कजरीच्या पूरब ढंगाच्या चाली योजल्या. भामिनीच्या भूमिकेत होते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. या राजहंसांचे गाव सांगलीजवळचे नागठाणे; साताऱ्याजवळचे नागठाणे निराळे. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे व गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनी. हे बुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीतच नट होते. पुढे मोठमोठ्या उस्तादांची तालीम घेऊन ख्यालगायक झाले. आता पदाला ख्यालाचा विस्तार आला. साथीला ऑर्गन आणि कादरबक्षांची सारंगी, पुढे अहमदजान थिरकवांचा तबला. पडदे, पोशाख, अत्तरे यांच्या थाटामाटापायी मंडळी कर्जात बुडाली, तरी थाट कमी झाला नाही.

यात मिळाले ते थोडे नव्हे. दरबारात आणि धनिकांच्या बैठकीत अडकलेला ख्याल तिकीट काढून येणाऱ्या कारकुनाच्या, दुकानदाराच्या कानी पडला. भीमपलास किंवा यमन ज्यांना नावाने ठाऊक नव्हता, त्यांनाही तो सुराने कळू लागला. पण ‘वन्स मोअर’च्या गजरात रुक्मिणीची व्यथा थांबून राही, कथानक ताटकळे आणि नाटक मध्यरात्र उलटून लांबे. दोष गायकाचाच म्हणता येणार नाही. प्रेक्षकच तो मागत होता.

दुसरीही किंमत होती, तिची चर्चा कमी होते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष येथील कुलकर्ण्यांचा मुलगा श्रीधर, म्हणजे पठ्ठे बापूराव, याच काळात तमाशात उतरून लावणी रचीत होता आणि घरादाराचा, जातीचा रोष पत्करीत होता. किर्लोस्करांनी जिला आपल्या नाटकात जागा दिली, त्या लावणीकडे उंची पोशाखातल्या रंगभूमीने पाठ फिरविली. सफाई आली ती शेजार तोडून.

१९३१ मध्ये गंधर्व मंडळीने ‘कान्होपात्रा’ केले. त्यातील अभंगांना मास्टर कृष्णरावांनी चाली दिल्या, आणि ज्यांचा गळा ‘स्वयंवरा’च्या पदांपुढे हात टेकीत असे, त्यांच्याही ओठी नाटकातले गाणे पुन्हा आले. दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ मोजक्या गाण्यांवर करून दाखविली. तोवर बोलपट आलेला होता, आणि १९३५ साली स्वतः बालगंधर्वही ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या वेषात पडद्यावर दिसले.