दोर आणि धर्मग्रंथ

प्राचीन चिनी भाषेत दोरांची नावे जाडी आणि काम यांवरून ठरत. आजच्या उच्चाराने बारीक दोरी ‘शंग’, जाड दोर ‘स्वो’, पाणी शेंदण्याचा ‘गंग’, तर जाळ्याचा मुख्य दोर ‘गांग’. इ. स. १०० मध्ये श्यू शन याने सिद्ध केलेल्या कोशात रेशीमधाग्याच्या चिन्हाखाली सुमारे अडीचशे अक्षरे आहेत. ‘गांग’ ओढला की सारे जाळे आवरते. म्हणून राज्यव्यवस्थेच्या मूलतत्त्वालाही तेच नाव मिळाले. मागावरचा ताणा ‘जिंग’. तोच शब्द पुढे प्रमाणग्रंथांना लागला. बौद्ध सूत्रे चीनमध्ये पोहोचली, तेव्हा भाषांतरकारांनी ‘सूत्र’ या शब्दासाठी ‘जिंग’च योजला. संस्कृत ‘सूत्र’ म्हणजेही धागाच. भाषा बदलली, पण धागा तुटला नाही.