खलपुरुषांच्या मूर्ती आणि संग्राहकाचा विवेक

१९३० च्या दशकात जर्मनीतील खेळण्यांच्या दुकानांत जेमतेम सात सेंटिमीटर उंचीचा हिटलर विकत मिळत असे. अंगावर गणवेश, चेहरा बारकाईने रंगवलेला आणि उजवा हात असा बसवलेला, की मुलांना तो सलामीसाठी वर-खाली करता यावा. त्याच्या शेजारच्या फळीवर गोअरिंग, हेस, मुसोलिनी आणि संचलन करणारे सैनिक मांडलेले असत. या मूर्तींशी खेळलेली पिढी आता जवळपास संपली आहे. मूर्ती मात्र संग्राहकांच्या काचेच्या कपाटांत आणि लिलावांच्या सूचींत टिकून आहेत. ज्याच्या राजवटीत साठ लाख ज्यूंची आणि इतर लक्षावधी निरपराधांची हत्या झाली, त्याची प्रतिमा हौसेने जमवणे कितपत योग्य, हा प्रश्न त्यांच्यासोबतच आजवर चालत आला आहे.

भुशातून घडलेले पुढारी

या मूर्तींच्या निर्मितीत दोन जर्मन कंपन्या अग्रेसर होत्या. ऑटो आणि मॅक्स हाउसर या बंधूंनी १९०४ मध्ये लुडविग्सबुर्ग येथे स्थापन केलेल्या कंपनीची खेळणी ‘एलास्टोलिन’ या नावाने विकली जात. ब्रांडेनबुर्ग येथील ‘लिनेओल’ ही तिची प्रतिस्पर्धी. लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लगदा तारेच्या सांगाड्याभोवती साच्यात दाबायचा, वाळवायचा आणि मग हाताने रंगवायचा, अशी ही पद्धत होती. शिशाच्या सैनिकांपेक्षा हे सैनिक हलके असत. प्रसिद्ध व्यक्तींच्या काही मूर्तींना तर चिनी मातीचे डोके बसवले जाई, कारण चेहरा ओळखू येणे हेच त्या मूर्तीचे मोल होते.

नाझी राजवटीला अशा वस्तूंचे महत्त्व पुरेपूर ठाऊक होते. हिटलर सत्तेवर येताच बाजारात त्याच्या नावाचा आणि पक्षचिन्हाचा सुळसुळाट झाला. या स्वस्त मालामुळे नेत्याची प्रतिमा हास्यास्पद होईल, या धास्तीने १९ मे १९३३ रोजी राष्ट्रीय प्रतीकांच्या संरक्षणाचा कायदा करण्यात आला. म्हणजे पुढाऱ्याची प्रतिमा कोणत्या वस्तूवर आणि कशा रूपात दिसावी, यावर शासनाची नजर होती. अशा वातावरणात दुकानात उभी राहणारी मूर्ती निव्वळ करमणुकीची वस्तू नव्हती. सलामीचा हात वर करता करता मूल राजवटीची शिस्त अंगी बाणवीत होते.

याहून कठोर उदाहरण म्युनिकजवळील आलाख येथील चिनी मातीच्या कारखान्याचे आहे. हा कारखाना ‘एसएस’ या नाझी संघटनेच्या मालकीचा होता आणि तिचा प्रमुख हाइनरिख हिमलर याचा तो आवडता प्रकल्प होता. घोडे, कुत्री, हरणे, सैनिक आणि फ्रेडरिक द ग्रेट यांच्या नितळ, पांढऱ्याशुभ्र मूर्ती तेथे घडत. त्यांतील अनेक एसएसच्या अधिकाऱ्यांना भेटीदाखल दिल्या जात. युद्धकाळात त्या घडवण्यासाठी डाखाऊ छळछावणीतील कैदी राबवले गेले. मूर्तीच्या तळाशी असलेली एसएसची खूण आज संग्राहकाला अस्सलपणाची ग्वाही देते. ती खूण उमटवणारे हात कोणाचे असू शकतात, हा विचार किंमत ठरवताना सहसा केला जात नाही. एखाद्या हरणाच्या पाडसाची मूर्ती दिसायला कितीही निरागस असली, तरी तिचा इतिहास हिटलरच्या मूर्तीइतकाच काळा असू शकतो.

कपाटात कोण नसते?

या छंदाविषयीची चर्चा बहुधा ‘हिटलरची मूर्ती ठेवावी की नाही’ या प्रश्नापाशी थांबते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न, कपाटात कोण नसते, हा आहे. कारखान्यांनी पुढारी घडवले, वाद्यवृंद घडवले, तोफा ओढणारे घोडे घडवले, जखमी जर्मन सैनिक आणि त्यांना उचलून नेणारे सेवकही घडवले. ज्यांना घरातून ओढून नेण्यात आले, त्यांच्या मूर्ती घडवण्याचे कोणाला कारणच नव्हते. त्यामुळे त्या काळातील मूर्तींचा ‘संपूर्ण’ संच जमवणारा संग्राहक नकळत त्या राजवटीचीच निवड पुढे चालवतो. संच जितका परिपूर्ण, तितकी बळींची अनुपस्थितीही परिपूर्ण.

बळी खेळण्यांत आले ते एकाच रूपात. १९३८ मध्ये जर्मनीत ‘ज्यूंना हाकला’ अशा अर्थाच्या नावाचा एक पटावरचा खेळ विक्रीस आला. फासे टाकायचे, सोंगट्या पुढे सरकवायच्या आणि शहरातील ज्यूंना तटाबाहेर काढायचे. सहा जणांना प्रथम बाहेर काढणारा विजयी, असे त्याचे नियम होते. खुद्द एसएसच्या मुखपत्राने या खेळावर टीका केली. तिचे कारण दयाबुद्धी नव्हते. एवढ्या ‘गंभीर’ कार्याचा खेळ केला, याचा त्याला राग होता. या खेळाची एक प्रत लंडनच्या वीनर ग्रंथालयाने जपून ठेवली आहे. नाझी राजवटीतून निसटलेल्या एका जर्मन ज्यू अभ्यासकाने उभारलेली ही संस्था आहे. तीच वस्तू एखाद्या चाहत्याच्या दिवाणखान्यात असती, तर तिचा अर्थ निराळा झाला असता.

चीनमध्येही याचा प्रत्यय येतो. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात माओ त्से-तुंग यांच्या चिनी मातीच्या मूर्ती आणि छातीवर लावायचे बिल्ले प्रचंड संख्येने तयार झाले. त्याच काळाच्या मूर्तींत एक प्रकार असा आढळतो, की गळ्यात फलक अडकवलेला माणूस गुडघ्यांवर बसला आहे आणि तरुण रक्षक त्याच्यावर हात उगारून उभे आहेत. बळी दिसतो, पण त्याला अपमानित करणाऱ्याच्या नजरेतून. बीजिंगच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात या मूर्तींच्या नव्याने केलेल्या नकलाही विकल्या जातात. माओंच्या धोरणांमुळे ओढवलेल्या १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. त्या दुष्काळाच्या मूर्ती बाजारात नाहीत.

कायद्याची धाव

नैतिक प्रश्नाचे उत्तर कायद्यात शोधण्याचा प्रयत्न युरोपने अनेकदा केला. जर्मन दंडसंहितेचे कलम ८६अ नाझी चिन्हांच्या सार्वजनिक वापरास व प्रसारास मनाई करते. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. कला, संशोधन, शिक्षण आणि इतिहासकथन यांना मात्र सूट आहे. घरातील कपाटात जुनी मूर्ती ठेवणे हा तेथे गुन्हा नाही. दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या प्रतिकृती विकणाऱ्या जर्मन कंपन्या शेपटीवरील नाझी चिन्ह गाळतात ते याच कलमामुळे. परिणामी विमान अचूक, पण ते कोणासाठी लढले याची खूण गायब, असा पेच निर्माण होतो.

इंटरनेटच्या आगमनानंतर हा पेच देशांच्या सीमा ओलांडून गेला. नोव्हेंबर २००० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ‘याहू’ या अमेरिकी कंपनीला नाझी वस्तूंचे लिलाव फ्रान्समधील ग्राहकांपर्यंत पोहोचू न देण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी ‘याहू’ आणि ‘ईबे’ या दोन्ही कंपन्यांनी अशा वस्तूंवर निर्बंध घातले. इटलीत प्रेदाप्पिओ या मुसोलिनीच्या जन्मगावी त्याचे छोटे अर्धपुतळे दुकानांत सर्रास विकले जातात. अशा विक्रीला आळा घालणारे विधेयक तेथील कनिष्ठ सभागृहाने २०१७ मध्ये संमत केले. मात्र संसदेची मुदत संपल्याने ते बारगळले. कायदा दुकानाच्या काचेपर्यंत पोहोचतो. काचेच्या पलीकडे, घरातल्या कपाटाशी, संग्राहक आणि त्याचा विवेक एवढेच उरतात.

संग्राहकांची बाजू

संग्राहकांचे म्हणणे सहजी झटकून टाकण्याजोगे नाही. वस्तू नष्ट केल्याने इतिहास नष्ट होत नाही, पुरावा मात्र नष्ट होतो, असा त्यांचा पहिला मुद्दा. मुलांच्या खेळण्यांतून हुकूमशाही घरात कशी शिरली, हे दाखवायला सात सेंटिमीटरच्या मूर्तीसारखे साधन दुसरे नाही. बर्लिनच्या जर्मन इतिहास संग्रहालयाने २०१० मध्ये ‘हिटलर आणि जर्मन जनता’ या विषयावर प्रदर्शन भरवले. त्यात सामान्य घरांत पोहोचलेल्या प्रचारवस्तूंना मुद्दाम स्थान देण्यात आले, कारण व्यक्तिपूजेत जनतेचा वाटा किती होता, हेच तेथे दाखवायचे होते.

दुसरा मुद्दा युद्धखेळ खेळणाऱ्यांचा. लढाई मांडायची तर दोन्ही बाजूंचे सैन्य लागते. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे छोट्या सैनिकांच्या खेळाचे पुस्तक लिहिले, तेव्हा खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटीचे युद्ध कितीतरी बरे, अशी त्यांची भूमिका होती. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. शत्रुसैन्य मांडणे गैर नाही. पण एसएसच्या तुकड्या रंगवताना गणवेशाच्या छटांवर रात्री जागवायच्या आणि त्या तुकड्यांनी कोणत्या गावात काय केले हे मात्र वाचायचे नाही, ही अचूकता अर्धवट ठरते.

तिसरा मुद्दा उपहासाचा. जर्मन शिल्पकार ओटमार ह्योर्ल याने बागेत ठेवतात तसल्या बुटक्याची मूर्ती नाझी सलामी देताना घडवली. २००९ मध्ये न्यूरेम्बर्गच्या सरकारी वकिलांनी तिची चौकशी केली आणि नाझींची ती टिंगल आहे, असे मानून प्रकरण बंद केले. इटालियन कलावंत मॉरित्सिओ कातेलान याच्या २००१ च्या शिल्पात शाळकरी मुलाच्या अंगलटीचा हिटलर गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतो. २०१२ मध्ये ते वॉर्सातील जुन्या ज्यू वस्तीच्या परिसरात मांडले गेले, तेव्हा तीव्र निषेध झाला. काहींनी त्याचे स्वागतही केले. पुढे २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक किंमत आली. आकार लहान केल्याने दहशत हास्यास्पद होते, हे खरे. मात्र लहान झालेली गोष्ट लोभसही होते आणि संग्राहकाने सावध राहायचे ते याच ठिकाणी.

पैसा कोणाच्या खिशात?

दुर्मीळ मूर्तींना किंमत आली, की नकलाही येतात. जुन्या साच्यांवरून वा नव्याने घडवलेल्या मूर्ती जुन्या भासवून विकल्या जातात. हा नवा माल ऐतिहासिक पुरावा नसतो. तो केवळ मागणीचा पुरवठा असतो. म्हणून जुनी मूर्ती जपणे आणि नवी विकत घेणे यांत फरक करावा लागतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये म्युनिकच्या एका लिलावात हिटलरच्या वस्तू विक्रीस आल्या, तेव्हा युरोपातील ज्यू संघटनांनी विरोध केला. लेबनॉनमध्ये जन्मलेले स्वित्झर्लंडमधील व्यावसायिक अब्दल्ला शतिला यांनी त्यांतील काही वस्तू, हिटलरच्या टोपीसह, सुमारे सहा लाख युरो मोजून घेतल्या आणि दान करून टाकल्या. त्या जेरुसलेमच्या ‘याद वाशेम’ या स्मृतिसंस्थेकडे सोपवण्याचे ठरले. वस्तू चुकीच्या हाती पडू नयेत, हा त्यांचा हेतू होता. तरीही पैसा विक्रेत्यालाच मिळाला, हे त्यातले शल्य उरतेच.

भारतातील दुर्लक्ष

भारतात हा प्रश्न क्वचितच चर्चिला जातो. ‘माइन काम्फ’ पदपथांवरील पुस्तकविक्रेत्यांकडे राजरोस मिळते. नवी मुंबईतील खारघर येथे २००६ मध्ये हिटलरच्या नावाने एक उपाहारगृह सुरू झाले. ज्यू समाजाच्या निषेधानंतर काही दिवसांतच नाव बदलावे लागले. उंबरठ्यावर काढले जाणारे स्वस्तिक आपल्याकडे मंगलचिन्ह असल्याने नाझी चिन्हाची धार येथे जाणवत नाही, हेही एक कारण असावे. पण हा इतिहास महाराष्ट्रापासून तितका दूर नाही. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा बेने इस्रायली समाज कोकणातला आहे. युरोपातील वाढत्या ज्यूद्वेषाच्या काळात, १९३४ मध्ये मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराचे नाव आकाशवाणीच्या ओळखधूनीशी जोडले जाते.

चार कसोट्या

मूर्ती बाळगल्याने कोणी नाझी ठरत नाही आणि ‘केवळ छंद’ म्हटल्याने कोणी जबाबदारीतून सुटतही नाही. संग्राहकाला चार साध्या कसोट्या लावता येतात. ही वस्तू कोणी, कोणाच्या श्रमातून आणि कशासाठी घडवली? तिच्यासाठी दिलेला पैसा कोणाकडे जातो? ती पाहायला येणाऱ्यांत त्या राजवटीत होरपळलेल्या कुटुंबातील कोणी असेल, तर मालक ती त्याच निःसंकोचपणे दाखवील काय? आणि तिच्या शेजारी काय ठेवले आहे: आणखी एक सेनापती, की त्याने उद्ध्वस्त केलेल्या माणसांची साक्ष देणारे एखादे पुस्तक, छायाचित्र वा पत्र?

यांतील शेवटची कसोटी सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. खासगी संग्रहातील मूर्तींची माहिती बहुधा संग्राहकाच्या डोक्यात असते, कपाटात नसते. तो गेल्यावर कपाट उघडणाऱ्या नातवाला दिसतो तो ऐटीत उभा असलेला, नीट पुसून ठेवलेला एक रुबाबदार पुढारी. आजोबांनी तो इतका जपला, म्हणजे तो कोणी थोर पुरुष असावा, असे त्या मुलाला वाटले, तर त्याचा दोष नाही. मूर्तीखाली चार ओळींची चिठ्ठी लावायला फारसा वेळ लागत नाही. ती संग्राहकाने आपल्या हयातीतच लिहायची असते.