शरफोजी नावातला 'फ'

माझी भाची चेन्नईत वेळाचेरीला राहते. तिच्या सासरची मंडळी तंजावरकडची मराठी. अडीचशे-तीनशे वर्षे तिकडे राहिलेली, घरात आपले जुने वळणाचे मराठी बोलणारी, लिहिण्यावाचण्याला मात्र तमिळ वापरणारी. तिला मुलगा झाला तेव्हा आजेसासऱ्यांनी एक नाव सुचवले : सरबोजी. तिने मला फोन केला. "मामा, हे नाव आपलं आहे असं सगळे म्हणतात, पण अर्थ कुणालाच सांगता येत नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

मी लगेच उत्तर दिले. शरभ म्हणजे सिंहाला नमवणारा पुराणातला प्राणी, त्यावरून शरभोजी. तिचे समाधान झाले. माझे झाले नाही, कारण फोन ठेवताना लक्षात आले की मराठी पुस्तकांत मी हे नाव 'सरफोजी' असेच जास्त वाचले आहे. 'भ' चा 'फ' मराठीत सहसा होत नाही. मग तो 'फ' आला कुठून? शोधायला लागलो तेव्हा कळले की मी भाचीला सांगितले ते खोटे नव्हते, पण नावाच्या उत्तरार्धाचे होते. पूर्वार्ध तंजावरला नाही, नगरला आहे.

वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांना बरेच दिवस मूलबाळ नव्हते. मालोजीराजे शिवभक्त. घृष्णेश्वराच्या देवळाचा त्यांनी जीर्णोद्धार केला, शिखर शिंगणापूरला यात्रेकरूंसाठी तळे बांधले. त्यांनी आणि उमाबाईंनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पिराला नवस केला. दोन मुलगे झाले. पिराच्या नावाचे दोन भाग करून थोरल्याला शाह आणि धाकट्याला शरीफ अशी नावे ठेवली. तेच शहाजीराजे आणि शरीफजी. ही कथा कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे. परमानंद नेवाशाचा, म्हणजे नगर भागातलाच. त्याचे काव्य संस्कृत, शिवाजी महाराजांच्या पदरी राहून लिहिलेले आणि महाराजांना विष्णूचा अवतार मानणारे. अशा काव्यातही राजाच्या वडिलांचे नाव एका पिराच्या कृपेवरून पडले हे सांगायला कवीला संकोच वाटलेला नाही.

'शरीफ' हा अरबी शब्द. अर्थ थोर, कुलीन. शराफत आणि अशरफी हे शब्द त्याच धातूतले. मराठीतला 'सराफ' मात्र दुसऱ्या अरबी धातूतून आला आहे. त्याचा या नावाशी संबंध नाही. त्या काळच्या मराठा घराण्यांत फारसी-अरबी नावे नवलाची नव्हती. सुलतानजी, हैबतराव, दौलतराव, सर्जेराव ही नावे आपण आजही परकी मानत नाही. पण भोसल्यांच्या घरात 'ओजी' ने संपणाऱ्या नावांची चाल होती : मालोजी, विठोजी, पुढे तुकोजी, व्यंकोजी. त्या साच्यात 'शरीफजी' बसवले की 'शरफोजी' होते. म्हणजे तो 'फ' पिराच्या नावातला.

शरीफजींना आयुष्य थोडे लाभले. १६२४ साली मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा भातवडीला पराभव केला. त्या लढाईत दोघे भाऊ निजामशाहीच्या बाजूने लढले आणि शरीफजी पडले. भातवडी नगरपासून जवळच आहे. ज्या पिरावरून नाव मिळाले त्याच्याच मुलखात नावाचा पहिला धनी गेला.

पुढे या दोन भावांच्या नावांचे नशीब वेगवेगळे झाले. शहाजी हे नाव महाराष्ट्रात रुजले. साताऱ्याच्या गादीवर १८३९ ते १८४८ या काळात शहाजी होते, कोल्हापूरच्या गादीवरही त्या नावाचे राजे झाले, आणि आज कुठल्याही गावात हाक मारली तर एखादा शहाजी ओ देईल. शरीफजी किंवा शरफोजी या नावाचा एकही छत्रपती सातारा-कोल्हापूरला झाला नाही. ते नाव दक्षिणेत गेले आणि तिथेच राहिले.

नेले व्यंकोजीराजांनी. शहाजीराजांच्या या मुलाने १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्यामागून त्यांचे तीन मुलगे एकामागून एक गादीवर आले : शहाजी १६८४ मध्ये, शरफोजी १७१२ मध्ये आणि तुकोजी १७२८ मध्ये. पहिल्या दोघांची नावे पाहा. एक आजोबांचे, दुसरे चुलत आजोबांचे. व्यंकोजींचा जन्म भातवडीनंतरचा. ज्या काकांना त्यांनी डोळ्यांनीही पाहिले नव्हते त्यांचे नाव त्यांनी मुलाला दिले. नगरच्या पिराची जोडी कावेरीकाठी पुन्हा एका घरात नांदू लागली. तमिळमध्ये नातवाला 'पेरन' म्हणतात आणि 'पेर' म्हणजे नाव. आजोबांचे नाव चालवतो तो पेरन. आपल्याकडेही आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत आहे. त्यामुळे या मुलांची नावे ऐकून तंजावरात ना मराठी माणसाला काही वेगळे वाटले असेल, ना तमिळ माणसाला.

नाव उच्चारायची वेळ आली तेव्हा मात्र लिपी आडवी आली. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. शब्दाच्या सुरुवातीला ते 'प' वाचले जाते, दोन स्वरांच्या मध्ये 'ब'. 'श' च्या जागी साधारणपणे च-स चे अक्षर येते. शरफोजी हे नाव तमिळमध्ये लिहिले आणि वाचले की 'सरबोजी' होते. शरभ हा शब्द तमिळमध्ये लिहिला तर 'सरब' होतो. कागदावर दोन्ही नावांची अक्षरे तीच. पीर आणि पुराणातला पशू एकाच अक्षरात मावतात.

तंजावरच्या मुलखात शरभ अनोळखी नव्हता. नरसिंहाचा उग्रपणा शमवण्यासाठी शिवाने शरभरूप घेतले अशी शैव कथा आहे. कुंभकोणमजवळ तिरुभुवनमला तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेल्या शिवमंदिरात शरभाचे स्वतंत्र स्थान आहे आणि आजही तिथे भाविकांची गर्दी असते. नाव ऐकल्यावर पंडितांना आणि कवींना शरभ आठवणे अगदी साहजिक होते. दुसऱ्या शरफोजींच्या काळात 'शरभेंद्र' हे रूप चांगलेच स्थिरावले. त्यांच्या स्तुतीसाठी शिवक्कोळुंदु देशिकरांनी रचलेली तमिळ कुरवंजी 'शरभेंद्र भूपाल' या नावाची आहे. त्यांच्या काळातल्या औषधोपचारांच्या तमिळ ग्रंथांनाही शरभेंद्राचेच नाव आहे.

या दुसऱ्या शरफोजींचा संबंध माझ्या शहराशीही आहे. १७७७ साली जन्मलेल्या या मुलाला तुळजाराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि लगेच त्यांचे निधन झाले. दत्तकविधान सशास्त्र नाही असे ठरवून गादी अमरसिंगांना मिळाली. मुलाच्या जिवाला धोका आहे म्हणून मिशनरी श्वार्ट्झ यांच्या खटपटीने त्याला १७९३ साली मद्रासला आणले. तिथे वेपेरीच्या गेरिके नावाच्या मिशनऱ्याने त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. दत्तकविधानाचा निकाल नंतर फिरला आणि १७९८ मध्ये शरफोजी गादीवर बसले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. उरला तो किल्ला, मान आणि ग्रंथ. बृहदीश्वराच्या प्राकारावर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला गेला तो यांच्याच काळात. राज्य हातात नसलेल्या राजाने आपण कोणाचे कोण हे दगडावर लिहून ठेवले. ज्याच्या दत्तकपणावरच वाद झाला त्याला वंशावळीचे मोल जास्त कळले असणार.

१८३२ मध्ये ते गेले, १८५५ मध्ये त्यांचे चिरंजीव शिवाजीराजे गेले आणि मुलगा वारस नाही म्हणून गादी खालसा झाली. त्यानंतर हे नाव माणसांपेक्षा वास्तूंवर जास्त दिसते. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या नावात शरफोजी आहेत, तंजावरच्या सरकारी महाविद्यालयाच्या पाटीवर आहेत. राजघराण्यात ते अजून ठेवले जाते. बाहेर क्वचित. तंजावरहून मद्रासला आलेल्या मराठी घरांत माधवराव, रघुनाथराव पुष्कळ. शरफोजी मी तरी भेटलेला नाही.

शरभाचा अर्थ कुणी फसवणुकीने चिकटवला असे मला वाटत नाही. लोकांनी अनोळखी नाव आपल्या कानाने ऐकले आणि आपल्या देवाशी जोडले. नाव तगले ते त्यामुळेच असेल. पण दुसरा अर्थ पहिल्याच्या जागी बसतो तेव्हा एक गोष्ट हरवते. मालोजी-उमाबाईंनी मूल व्हावे म्हणून दोन ठिकाणी हात जोडले होते. एका ठिकाणचे देऊळ सर्वांना दिसते. दुसऱ्या ठिकाणची कृतज्ञता फक्त दोन मुलांच्या नावांत ठेवली होती. 'शहाजी' म्हणताना आता कुणाला पीर आठवत नाही. 'शरफोजी'त त्याचे एवढे एक अक्षर उरले आहे आणि आपण 'शरभोजी' लिहितो तेव्हा तेही पुसतो.

हे सगळे मी भाचीच्या घरी जाऊन सांगितले. आजेसासरे शांतपणे ऐकत होते. शरभ त्यांच्या लहानपणापासूनचा; पीर त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. थोड्या वेळाने त्यांनी एवढेच विचारले, "नवस पावला होता ना?" मी म्हणालो, पावला.

प्रश्न उरला तो जन्मदाखल्याचा. तमिळमध्ये हे नाव कसे लिहायचे? जुन्या वळणाने लिहिले तर वाचणारा 'सरबोजी'च म्हणणार. आजच्या तमिळमध्ये मात्र 'फ' लिहिण्याची सोय आहे : 'प' च्या आधी तीन टिंबांचे चिन्ह, आय्द एळुत्तु, घालतात. कॉफी, फोन अशा शब्दांसाठी ते रोज वापरले जाते. मी भाचीला कागदावर ते लिहून दाखवले. तिने कागद सासऱ्यांकडे दिला, त्यांनी आजेसासऱ्यांकडे. त्यांनी चष्मा लावून अक्षर अक्षर वाचले आणि पाळण्याकडे पाहून हाक मारली. 'फ' स्पष्ट होता.