सुरसिंगार

सुरसिंगार : (सूरशृंगार). एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात प्रचारात आलेले व आता बहुतांशी लुप्त झालेले, नखीने छेडून वाजवावयाचे पडदेरहित तंतुवाद्य. तानसेनाची परंपरा सांगणाऱ्या रबाबियांच्या कुलात त्याचा उगम झाला, हे बहुमान्य आहे; निर्मितीचे श्रेय मात्र काही जाफरखाँ यांस, तर काही त्यांचे बंधू प्यारखाँ यांस देतात. पावसाळी हवेत रबाबाचे चर्म सैल पडल्यामुळे काशीच्या दरबारात जाफरखाँ बीनकारापुढे निष्प्रभ ठरले व त्यातून त्यांस हे वाद्य सुचले, ही आख्यायिका इतिहास म्हणून स्वीकारता येत नसली, तरी वाद्याची घडण तिला अनुकूलच आहे. कारण रबाबाचे मुख चामड्याने मढविलेले, तर याची तबली लाकडाची. त्यास तात, तर यास धातूच्या तारा. आणि त्याची दांडी उघड्या लाकडाची, तर याच्या दांडीवर गुळगुळीत पोलादी पत्रा.

ओळख : नावनिशी हरवलेले असे जुने वाद्य हाती आले असता, त्यावरील हस्तिदंती नक्षी कितीही मनोवेधक असली तरी, प्रथम तबली व दांडी यांचीच तपासणी करावी. पत्रा सरोदासही असतो, परंतु सरोदाचे मुख चर्माचे असते. उलट पडदे गळून गेलेला सुरबहार लाकडी तबलीमुळे प्रथमदर्शनी सुरसिंगारासारखा भासतो, तथापि त्याच्या दांडीस पत्रा नसतो आणि पडदे बांधलेल्या दोऱ्यांचे वळ बहुधा तिच्या पाठीवर टिकून राहिलेले असतात. खाली आडवा बसविलेला चपटा भोपळा हे गमक एकट्याने पुरेसे नाही, कारण कच्छपी सतारीसही तो असतो. बिनेच्या धर्तीची रुंद, सपाट घोडी व तिची जवार हा महत्त्वाचा दाखला खरा. पण घोडी, खुंट्या व तारा दुरुस्तीत वारंवार बदलल्या जात असल्याने त्यांची साक्ष दुय्यम मानणेच इष्ट. काही सुरसिंगारांस दांडीच्या वरच्या बाजूस असणाऱ्या तुंब्याच्या अभावावरूनही निर्णय करू नये. तो काढता येण्याजोगा असल्यास सहज गहाळ होतो.

वादन : ध्रुपद अंगाचे, आलाप व जोड प्रधान.

वादक : महंमद अलीखाँ, अल्लाउद्दीनखाँ, राधिकामोहन मैत्र.