आर्किटेक्टची पाटी आणि परदेशातला अनुभव

बाळकृष्ण दोशींनी मुंबईच्या जे. जे.मधलं शिक्षण अर्धवट सोडलं आणि १९५१ पासून पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिएच्या हाताखाली काम करत ते शिकले. पदवीशिवाय भारतात परतले, तरी अडवणारा कायदाच तेव्हा नव्हता. पुढे २०१८ मध्ये प्रित्झकर मिळालं.

मग १९७२ चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आला. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसेल तर नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावायचं नाही. पहिली नोंदवही करताना पदवी नसलेल्या, पण पाच वर्षं व्यवसाय केलेल्या भारतीयांनाही जागा दिली. अनुभव मोजला, पण तेवढ्यापुरताच! पुढे पदवीलाच महत्त्व आलं. परदेशी पदवीसुद्धा केंद्र सरकारने मान्य केलेली लागते.

२०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की या कायद्याने बंदी उपाधीवर आहे, कामावर नाही. म्हणजे आज कोणी दोशींसारखं शिकून परतलं, तर इमारतीचं डिझाइन करेल, पण पाटीवर ‘आर्किटेक्ट’ लिहू शकणार नाही.

बोगस लोकांना आवर हवाच. पण हाताखाली शिकलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांना नोंदणी द्यायला काय हरकत आहे? तोवर, पोरांना परदेशी पाठवताना फी भरण्याआधी ती पदवी इथे चालते का, हे कौन्सिलकडे विचारून घ्या.