वाड्यातला संगणक आणि हरवलेला खेळ

कसबा पेठेचा इतिहास सांगायचा म्हणजे लालमहाल, कसबा गणपती आणि तांबट आळी यांपासून प्रारंभ करावा, असा प्रघात आहे. आज आम्ही तो मोडणार आहोत. आम्हाला सांगायचा आहे तो अवघ्या चाळीस वर्षांमागचा, वाड्याच्या माजघरातला, मुलांच्या खेळाचा इतिहास. इतक्या जवळच्या आणि किरकोळ गोष्टीस इतिहास म्हणावे काय, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर शेवटी देऊ.

२३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा संगणक जाहीर केला. संगणक म्हणजे थंड खोलीतले कपाट, अशी तोवरची सामान्य समजूत. हे यंत्र मात्र एखाद्या पुस्तकाएवढे होते. पडदा घरच्या दूरचित्रवाणी संचाचा आणि साठवणीला घरचाच टेपरेकॉर्डर. स्मृती १६ किंवा ४८ किलोबाइट. किंमत अनुक्रमे १२५ आणि १७५ पौंड. आपल्याकडे १९८४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने संगणकविषयक धोरण सैल केले आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने याच यंत्राची सुधारित आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने परवान्यानिशी विक्रीस आणली. आमच्या वाड्यात यंत्र आले ते त्याच सुमारास, एका बिऱ्हाडातल्या मामांच्या विलायती पेटीतून.

मुलांना मोकळा मिळणारा संच वाड्यात एकच, आणि तोही कृष्णधवल. स्पेक्ट्रमला रंग आठ. परंतु त्यांचे क्रमांक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजळपणाच्या क्रमाने दिलेले होते. त्यामुळे आमच्या पडद्यावर निळा-तांबडा दिसला नाही, तरी करड्याची प्रत्येक छटा वेगळी ओळखू येई. गरिबाच्या संचाचाही विचार कोणीतरी केला होता, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी उमगले.

खेळ कॅसेटवर असत. टेप सुरू केली की कर्कश किंकाळी उठे आणि पडद्याच्या कडांवर पट्टे धावू लागत. चार-पाच मिनिटे सर्वांनी श्वास रोखून बसायचे. बाहेर तांबट आळीतून हातोड्यांचा ठोका आणि आत ही किंकाळी. आमच्या आजीचे मत ठोक्याच्या बाजूने होते. एवढे करून शेवटी पडद्यावर चूक उमटली, तर पुन्हा पहिल्यापासून. ‘मॅनिक मायनर’ हा वीस गुहांचा खेळ आमचा विशेष लाडका. १९८३ सालचा हा खेळ मॅथ्यू स्मिथ या किशोरवयीन मुलाने रचला होता. रविवारी सकाळी मात्र यंत्र गुंडाळावे लागे. १९८७ च्या जानेवारीपासून ती वेळ ‘रामायणा’ची झाली होती.

पण या यंत्राचे खरे मर्म खेळण्यात नव्हते. ते चालू केले की खेळ येत नसे. कोरा पडदा येई आणि यंत्र आपल्या आज्ञेची वाट पाही. ‘पी’ दाबले की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटे. त्यामुळे मराठी शाळेतल्या मुलाचे इंग्रजी शुद्धलेखन आड येत नसे. एकवीस चित्राक्षरे आपल्या मनाने घडवण्याचीही सोय होती. चौकटीच्या वहीत आठ बाय आठ घरे आखायची, हवी ती काळी करायची आणि प्रत्येक ओळीची बेरीज यंत्राला सांगायची. द्विमान पद्धतीचे गणित आम्ही शिकलो ते असे, आणि ते गणित आहे हे कळण्यापूर्वीच.

पहिले चित्राक्षर आम्ही काढले ते घागरीचे. दुसरे तांबटाचे. वरून घागर पडावी आणि खालच्या तांबटाने ती झेलावी, असा चाळीस ओळींचा खेळ आम्ही एका उन्हाळ्याच्या सुटीत रचला. दोनदा वीज गेली आणि दोनदा सारे पुसले गेले. तिसऱ्यांदा तो कॅसेटवर उतरला. पुढे वाड्यात एक लग्न निघाले. घरात दुसरी कॅसेट नव्हती. आमच्या घागरींवर मंगलाष्टके चढली! दोष कोणाचाच नव्हता. आता तो वाडाही नाही.

आता त्या शंकेचे उत्तर. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले, १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. तो इतिहास लिहिला गेला आणि जावाच. ‘मॅनिक मायनर’ही जगभरच्या हौशी मंडळींनी जपला आहे. नाहीसे होत आहे ते विकत न मिळणारे: मुलांनी स्वतः रचलेले खेळ. पुढे टीव्हीला जोडायची खेळयंत्रे आली. त्यांतल्या बहुतेकांना कळफलकच नव्हता. त्यांच्यावर मुले अधिक खेळली, पण खेळ रचणे थांबले. म्हणूनच मधल्या त्या थोड्या वर्षांचे मोल अधिक.

दिनकर केळकर यांनी लोकांच्या घरांतले अडकित्ते आणि दिवे गोळा केले, तेव्हा त्यांतही इतिहास आहे हे पुण्याला दिसले. तीच दृष्टी आता माळ्यावरच्या कॅसेटींकडे वळावी. जुन्या कॅसेटीचा आवाज आजच्या संगणकात भरून त्यातला खेळ पुन्हा चालवता येतो. फीत शाबूत हवी, एवढेच. तेव्हा श्रोतेहो, घरी गेल्यावर जुनी पेटी उघडा. नाव नसलेल्या कॅसेटीतून गाण्याऐवजी किंकाळी ऐकू आली, तर ती टाकून देऊ नका. कोण्या मुलाची घागर अजून पडायची असेल.