निझामाची विमाने आणि भारताचे वायुदल

१/७
१९१८. पहिले महायुद्ध संपत आले असताना फ्रान्सच्या आकाशात ब्रिटिशांचे ११० क्रमांकाचे ‘हैदराबाद’ स्क्वाड्रन उतरले. त्याची डीएच-९ए विमाने ही निझामाची देणगी होती. परभणी जिल्हा तेव्हा याच निझामाच्या राज्यात होता.

२/७
संस्थानाच्या उत्पन्नाचा मोठा आधार शेतसारा. तो भरणाऱ्यांत मराठवाड्याची रयतही होती. नाव हैदराबादचे, विमाने निझामाची. हुकूम मात्र लंडनचा.

३/७
याच युद्धात मोजके भारतीयही वैमानिक म्हणून लढले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८ मध्ये मृत्युमुखी पडले. इंद्रलाल रॉय यांनी सुमारे दोन आठवड्यांत दहा हवाई विजय मिळवले आणि वयाच्या १९व्या वर्षी प्राण गमावले.

४/७
पात्रता सिद्ध झाली होती, तरी युद्धानंतर भारतीयांसाठी हवाई दलातील अधिकारपदाची दारे बंदच राहिली. भारतीयांच्या मागणीच्या दबावाखाली १९२५ मध्ये स्कीन समिती नेमली गेली. मोतीलाल नेहरू आणि जिना हे तिचे सदस्य होते. तोफखान्याप्रमाणेच हवाई दलातही भारतीयांना अधिकारी म्हणून घ्यावे, अशी शिफारस तिने केली.

५/७
त्यानंतर निवडक तरुण प्रशिक्षणासाठी इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे गेले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय वायुदल कायद्याने अस्तित्वात आले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिले स्क्वाड्रन उभे राहिले: पाच भारतीय वैमानिक, १९ हवाई शिपाई आणि चार वापिटी विमाने.

६/७
वायव्य सरहद्दीवर भूसेनेला साहाय्य करणे, एवढेच काम त्याच्याकडे होते. १९३९ मध्ये सुब्रतो मुखर्जी स्क्वाड्रनचे पहिले भारतीय प्रमुख झाले; पण दुसरे महायुद्ध पेटले तेव्हाही संपूर्ण वायुदल म्हणजे एकच स्क्वाड्रन होते. उलट, १९३७ मध्ये पुन्हा उभारलेल्या ‘हैदराबाद’ स्क्वाड्रनची ब्लेनहाइम विमाने युद्धघोषणेच्या दुसऱ्याच दिवशी जर्मन युद्धनौकांवर चालून गेली.

७/७
सप्टेंबर १९४८. चार विमानांनी सुरू झालेल्या त्याच वायुदलाची टेम्पेस्ट विमाने आता स्वतंत्र भारताच्या हुकमाने निझामाच्या वरंगळ आणि बिदर येथील धावपट्ट्यांवर झेपावली. १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती पत्करली. परभणीची रयत त्या दिवशी निझामी राजवटीतून मुक्त झाली.